नागपुरात छातीचा डॉक्टर शोधून राहिले? आधी त्याचा बोर्ड वाचायला शिका

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ, तिकडून शिवनी, बालाघाट, छिंदवाडा, सगळीकडचा पेशंट शेवटी नागपूरलाच येतो. आणि इथे धंतोली नाही तर रामदासपेठेत एखाद्या बिल्डिंगखाली उभं राहून वर पाहिलं की माणूस गोंधळूनच जातो, कारण एका डॉक्टरच्या नावापुढे दोनच डिग्र्या आणि शेजारच्याच्या नावापुढे पूर्ण दोन ओळी, मग घरचे म्हणतात हाच मोठा डॉक्टर दिसून राहिला, चला इथेच. राजेहो, असं नसते ते. अक्षरं मोजायची नसतात, कोणत्या अक्षरामागे किती वर्षांचं काम आहे ते पाहायचं असते.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं छातीच्या औषधांची एमआरशिप केली, म्हणजे कंपनीची औषधं घेऊन डॉक्टरांकडे फिरायचं, पंप (इनहेलर), नेब्युलायझरची औषधं, अँटिबायोटिक हे सगळं, त्यामुळे ह्या मंडळींच्या वेटिंगमध्ये बसून बोर्ड वाचणं हाच दिवसभराचा उद्योग होता. त्यामुळे आजार कोणता, औषध कोणतं हे मला विचारू नका, पण छातीचा डॉक्टर आणि आयसीयूचा डॉक्टर कसा तयार होतो, त्याच्या पाटीवरचं काय वजनाचं आणि काय नुसतं शोभेचं, हे सांगू शकतो.

आणि हो, पेशंटला बोलताना दम लागून राहिला असेल, ओठ निळे पडले असतील, ऑक्सिजन झपाट्यानं उतरत असेल तर हे वाचत बसू नका, १०८ ला फोन करा नाही तर जवळच्या कॅज्युअल्टीत न्या. बोर्ड नंतर वाचता येतो.

पहिलं काम: छाती म्हणजे कोणती छाती

हसू नका, धंतोलीत रोज हे होते. "छातीचा डॉक्टर" म्हणून लोक हार्टवाल्याकडे नंबर लावतात, दीड तास बसतात आणि मग आत गेल्यावर कळते की इथे फुप्फुसाचं पाहत नाहीत. छातीत डावीकडे कळ, चालताना दाब, घाम, हात दुखणं असं असेल तर ते हार्टचं समजून लगेच कार्डिओलॉजिस्टकडे. दमा, महिनोन्महिने खोकला, थुंकीतून रक्त, टीबी, फुप्फुसात पाणी, एक्स-रेवर डाग, झोपेत घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, हे सगळं पल्मोनॉलॉजिस्टचं, म्हणजे फुप्फुसाच्या डॉक्टरचं. घोरण्याचं वाचून बऱ्याच लोकांना नवल वाटते, पण स्लीप स्टडी आणि ते रात्री लावायचं सीपॅप मशीन बहुतेक ठिकाणी हेच डॉक्टर पाहतात.

फुप्फुसाचा तुकडा काढायचा, गाठ कापायची असं ऑपरेशन निघालं तर तो माणूस वेगळा, त्याच्या पाटीवर एमसीएच सीव्हीटीएस असं काही असते. लहान मुलाचा दमा असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ. दम लागण्याचं कारण हार्ट की फुप्फुस हे घरी बसून ठरत नाहीच कित्येकदा, तेव्हा आधी एखादा चांगला एमडी मेडिसिन गाठा, तो ईसीजी आणि एक्स-रे पाहून बरोबर दिशेला पाठवते. गावातल्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी असेल तर सोबत आणाच, इथले डॉक्टर ती वाचतात, खरंच वाचतात.

दुसरं: तीन वर्षंवाली डिग्री हुडका

आता पाटी. पहिली डिग्री एमबीबीएस, ती साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच. इथपर्यंत सगळे सारखेच. त्यानंतर नीट पीजी नावाची जीवघेणी परीक्षा आणि मग एमडी, तीन वर्षं. फुप्फुसाच्या एमडीचं नाव पाटीवर तीन-चार तऱ्हेनं दिसेल, जुन्या पाट्यांवर एमडी टीबी अँड रेस्पिरेटरी डिसीजेस नाही तर एमडी चेस्ट, नव्यांवर रेस्पिरेटरी मेडिसिन किंवा पल्मोनरी मेडिसिन. शाखा एकच आहे, घाबरू नका. हा विषय टीबीच्या दवाखान्यांतून वाढला म्हणून जुन्या नावात टीबी आधी येतो, आणि आपल्या मेडिकलचा, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजचा, टीबी वॉर्ड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एमडीच्या जागी डीएनबी असेल तर तीही तीन वर्षांचीच. परीक्षा दिल्लीचं नॅशनल बोर्ड घेते आणि ट्रेनिंग बऱ्याचदा मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये होते. लोक हिला उगाच कमी समजतात. डीएनबी पास होणं किती कठीण ते त्या पोरांना विचारा.

डीटीसीडी म्हणजे टीबी आणि छातीच्या आजारांचा दोन वर्षांचा डिप्लोमा. बऱ्याच सीनियर डॉक्टरांकडे तोच आहे, कारण त्यांच्या काळी एमडीच्या सीटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. दमा, टीबी, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) ह्यात तीस वर्षं घासलेला डीटीसीडीवाला आणि काल एमडी होऊन आलेला पोरगा, ह्यात माझ्या मावशीला दम्यासाठी न्यायचं असतं तर मी डोळे मिटून पहिल्याकडे नेलं असतं. फुप्फुस कडक होण्याचा आजार असता, आयएलडी म्हणतात तो, तर मग नसतं नेलं. तेव्हा कोणत्या आजारासाठी कोण, हे पाहावंच लागते.

ह्याच्याही वर डीएम. एमडी झाल्यावर नीट एसएस द्यायची, एम्स-पीजीआयसाठी वेगळी आयएनआय एसएस, आणि आणखी तीन वर्षं. चंदीगडच्या पीजीआयमध्ये ह्या डिग्रीचं नाव डीएम पल्मोनरी अँड क्रिटिकल केअर मेडिसिन असं आहे, दिल्लीच्या एम्समध्ये त्यालाच स्लीप मेडिसिनही जोडलेलं आहे. नॅशनल बोर्डाची ह्याच्या बरोबरीची डिग्री डीआरएनबी. हिशेब करा, साडेपाच, तीन, तीन, म्हणजे साडेअकरा वर्षं, मधली तयारीची वर्षं आणि सरकारी बॉन्ड धरला नाही तरी. अठराव्या वर्षी कॉलेजात गेलेलं पोरगं कुठेही न अडकता तिशीला टेकते. म्हणून डीएमवाला डॉक्टर वयानं लहान दिसला तर "पोरगा आहे अजून" म्हणून उठून जाऊ नका.

एक मजेशीर गोष्ट इथली. काही सर्टिफिकेटांवर एमडी नागपूर आणि काहींवर एमडी नाशिक दिसते, आणि पेशंटचा जावई हळूच विचारतो, "हे डॉक्टर नाशिकचे का हो?" नाही हो. आधी मेडिकल आणि मेयो ह्या इथल्या दोन सरकारी कॉलेजांच्या पोरांना डिग्री नागपूर विद्यापीठ द्यायचं, १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि मग सगळ्या महाराष्ट्राच्या डिग्रीवर नाशिक आलं. शिकलेला माणूस मेडिकल चौकातलाच राहते.

तिसरं: आयसीयूची अक्षरं

इथे खरा गोंधळ आहे, म्हणून थोडं निवांत सांगतो.

आयसीयूच्या डॉक्टरला इंटेन्सिव्हिस्ट म्हणतात आणि तो तीन-चार वाटांनी तिथे येऊ शकतो. कोणी फुप्फुसाकडून येतो, कोणी मेडिसिनकडून, आणि पुष्कळ जण भूलतज्ज्ञ असतात. हे शेवटचं ऐकून घरचे हादरतात, "भूलवाला डॉक्टर आमच्या बाबांना काऊन पाहून राहिला?" तर ह्याला इतिहास आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयानक साथ आली, पेशंटचे श्वासाचे स्नायूच बंद पडून राहिले होते आणि तेव्हाची मशीन पुरत नव्हती, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं गळ्यात छेद देऊन नळी टाकून हातानं पिशवी दाबून श्वास देणं सुरू केलं, ऑपरेशन थिएटरात रोज करायचा तेच, आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबल्या. आजची आयसीयू त्यातूनच निघाली. श्वासाची नळी, व्हेंटिलेटर, बीपी सांभाळणं हा भूलतज्ज्ञाच्या हाताचा खेळ आहे. आणि व्हेंटिलेटर शेवटी फुप्फुसाशीच भांडते, म्हणून फुप्फुसाचा डॉक्टरही तिथेच. अमेरिकेत तर हे दोन विषय बहुतेक जण एकत्रच शिकतात, ते पुढे सांगतो.

आता अक्षरं. डीएम क्रिटिकल केअर किंवा डीआरएनबी क्रिटिकल केअर, एमडीनंतर तीन वर्षं पूर्ण आयसीयू, हे सगळ्यात वजनदार. ह्याआधी नॅशनल बोर्डाची एफएनबी होती, दोन वर्षांची, तीही पक्की. मग येते आयडीसीसीएम. ही इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनची, १९९३ साली स्थापन झालेल्या संघटनेची. ही सरकारी मान्यतेच्या यादीतली डिग्री नाही पण पोकळही नाही, एमडी झाल्यावर नेमून दिलेल्या आयसीयूत काम करून परीक्षा द्यावी लागते, आणि आज आपल्याकडच्या कित्येक आयसीयू हेच लोक चालवून राहिले आहेत. ईडीआयसी म्हणजे युरोपियन डिप्लोमा, आधी लेखी आणि मग दुसरा टप्पा, अवघड परीक्षा, मान द्यावा अशी.

आणि मग ती अक्षरं जी पाटी लांब करतात. एफसीसीपी पाहिलं असेल, अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सची फेलोशिप. ती मानाची मेंबरशिप आहे, काम आणि अनुभव पाहून देतात, पण त्यासाठी तीन वर्षं वॉर्डात रात्री काढाव्या लागत नाहीत. तसंच वेगवेगळ्या संघटनांची आजीव सभासदत्वं. असणं वाईट नाही, पण एमडी-डीएमच्या तराजूत ते टाकू नका. कोविडनंतर तर "क्रिटिकल केअर" हा शब्द इतक्या पाट्यांवर चढला की विचारू नका, त्यातले काहीजण २०२१ च्या एप्रिलमध्ये खरंच दिवसरात्र आयसीयूत राबलेले आहेत, आणि काहींनी आठवड्याच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट लावलं आहे. दोघांची पाटी लांबून सारखीच दिसते, म्हणून शब्दाच्या अलीकडे डिग्री कोणती ते वाचा.

तसा नियमही आहे बरं का. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलं आहे की डॉक्टरनं नावापुढे मान्यताप्राप्त डिग्र्या किंवा खरंच ज्ञान-कामगिरी दाखवणारी प्रमाणपत्रं, सभासदत्वं एवढंच लावायचं. पाळतात किती जण, ते रामदासपेठेत एक चक्कर मारून स्वतःच पाहून घ्या.

फॉरेन रिटर्न

अमेरिकेहून आलेले डॉक्टर आता नागपुरातही दिसतात, मुलं शिकायला इथे ठेवायची म्हणून किंवा आईवडील थकले म्हणून परत येतात. त्यांची पाटी वेगळी असते, एमडी लिहिलेलंच नसते कधीकधी, नुसतं "अमेरिकन बोर्ड सर्टिफाइड" असते. तिकडची वाट अशी, इथून एमबीबीएस करून यूएसएमएलई ही तिकडची परीक्षा द्यायची, मग इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षं रेसिडेन्सी, त्यानंतर पल्मोनरी आणि क्रिटिकल केअर ह्या दोन्हींची मिळून फेलोशिप, साधारण आणखी तीन वर्षं. दोन्हींची बोर्डाची परीक्षा वेगवेगळी असते. तेव्हा विचारायचं असेल तर एवढंच विचारा की बोर्ड कोणत्या विषयाचं, मेडिसिनचं, पल्मोनरीचं की क्रिटिकल केअरचंही. तिन्ही असतील तर माणूस पूर्ण शिकून आला.

यूकेवाल्यांचं एमआरसीपी, हे एकटं असेल तर ती जनरल मेडिसिनची परीक्षा आहे, फुप्फुसाची स्पेशालिटी ट्रेनिंग त्याच्या पुढे वेगळी होते. आणि "फेलोशिप, सिंगापूर" किंवा "ट्रेन्ड इन जर्मनी" असं असेल तर किती दिवसांची हे विचारायला लाजू नका, दोन वर्षांचीही फेलोशिप असते आणि दोन आठवडे नुसतं उभं राहून पाहायची ऑब्झर्व्हरशिपही असते.

चौथं: नंबर टाकून पाहा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि कोणीच करत नाही. डॉक्टरच्या लेटरहेडवर, म्हणजे त्या औषधाच्या चिठ्ठीवर, रजिस्ट्रेशन नंबर असायलाच पाहिजे. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा असतो. कौन्सिलच्या साइटवर नाव नाही तर नंबर टाका, माणूस सापडतो. देशभराचं रजिस्टर नॅशनल मेडिकल कमिशनकडे आहे, ज्यानं २०२० मध्ये जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाची जागा घेतली.

त्या नंबरातच एक गंमत आहे. जुन्या डॉक्टरांचा नुसता आकडा असतो, पाच आकडी वगैरे. नंतरच्यांचा असा दिसतो, आधी वर्ष, मग तिरपी रेघ, मग महिना, मग आकडा, समजा २००८/०४/ आणि पुढे काहीतरी. म्हणजे ह्या माणसाचं नाव कौन्सिलच्या वहीत २००८ च्या एप्रिलमध्ये चढलं. त्यात एमडीची तीन-चार वर्षं धरा, की तज्ज्ञ म्हणून साधारण कधीपासून काम करत असेल ते कळून जाते. "पंचवीस वर्षांचा अनुभव" असं पॅम्फ्लेटवर असेल आणि नंबर २०१२ चा असेल तर एकदा डोकं खाजवा. मात्र दुसऱ्या राज्यातून आलेल्याचं रजिस्ट्रेशन इथे उशिरा होऊ शकते, म्हणून लगेच भांडायला जाऊ नका.

रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, कॉन्फरन्स, लेक्चर ह्यांचे. डॉक्टर लोक ह्याला वैतागतात, काहीजण नुसती सही करून जेवायला निघून जातात हेही मी हॉटेलच्या हॉलमध्ये उभं राहून पाहिलं आहे, पण कल्पना चांगली आहे. का ते सांगतो. २००० साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, एआरडीएस म्हणजे फुप्फुसं सुजून पाण्यानं भरतात त्या पेशंटवर, ८६१ पेशंट होते. व्हेंटिलेटरनं एका वेळी किती हवा द्यायची, किलोमागे १२ मिली की ६ मिली, हे तपासलं. कमी हवावाल्यांत मृत्यू ३१ टक्के, जास्तवाल्यांत जवळपास ४०. बटण तेच, मशीन तेच, फक्त आकडा वेगळा. आता जो डॉक्टर १९९५ ला पास झाला त्यानं हे कॉलेजात शिकलेलंच नाही, नंतर वाचून, ऐकून, कॉन्फरन्सला बसून शिकलं असेल तर शिकलं. म्हणून सीनियर पाहिजे पण वाचणारा सीनियर पाहिजे.

पाचवं: हा डॉक्टर रोज काय करतो

डिग्री सारखी असली तरी हात वेगवेगळे बसलेले असतात. कोणाची ओपीडी दम्या-अॅलर्जीची, कोणी दिवसभर दुर्बिणीत, कोणी आयसीयूतच. रिसेप्शनवर, नाही तर सरळ डॉक्टरला विचारा, ब्रॉन्कोस्कोपी इथेच होते का, ईबीयूएस आहे का (ही अल्ट्रासाउंड लावलेली दुर्बीण, फुप्फुसाच्या मधल्या गाठीतून सुई टाकून तुकडा काढायला), फुंकायची टेस्ट म्हणजे पीएफटी पूर्ण होते की नुसती स्पायरोमेट्री. एक्स-रेवर गाठ दिसून राहिली आणि डॉक्टरकडे दुर्बिणीची सोय नसेल तर चांगला डॉक्टर स्वतःच दुसऱ्याचं नाव सांगतो. मी असे डॉक्टर पाहिले आहेत जे फोन लावून देतात, "जा, मी बोललो आहे त्यांच्याशी." असा भेटला तर सोडू नका.

एक साधी परीक्षा सांगतो. पंप लिहून दिला तर तो कसा ओढायचा हे कोणीतरी, डॉक्टर नाही तर त्याचा माणूस, तुमच्याकडून करवून घेते का ते पाहा. पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबता दाबता हळू ओढायचा आणि दहा आकडे श्वास धरायचा. अर्ध्या लोकांचं औषध जिभेवरच पडते, आणि मग "पंपानं काही होत नाही जी" म्हणत दुसरा डॉक्टर शोधत फिरतात. कंपनीचे रिकामे डेमो पंप आम्ही वाटायचो, काही ठिकाणी ते ड्रॉवरमध्ये सीलबंदच सापडायचे, आणि काही ठिकाणी वापरून वापरून त्यांचा रंग गेलेला असायचा. मी तरी त्यावरूनच डॉक्टर ओळखायचो.

आयसीयूसाठी आपल्या भागाचं एक वेगळंच शिक्षण आहे, ते कोणत्या पाटीवर लिहिलेलं नसते. इथे काम केलेला इंटेन्सिव्हिस्ट जे पाहतो ते मुंबई-पुण्याच्या डॉक्टरला क्वचितच दिसत असेल. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते, दुखत नाही, सूज नाही, सकाळी पापण्या मिटायला लागतात आणि मग श्वासच बंद, असा पेशंट गडचिरोली-चंद्रपुराकडून येतो, त्याला वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर तो चालत घरी जातो. कीटकनाशकाची विषबाधा, २०१७ ला यवतमाळात फवारणी करताना शेतकरी गेले ते सगळ्यांना आठवते, त्यात अॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध किती आणि कुठपर्यंत द्यायचं हे हातात बसावं लागते. सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटला ताप आणि छातीत दुखणं सुरू झालं की तो साधा न्यूमोनिया समजून चालत नाही, त्यात अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम होऊ शकतो आणि तो झपाट्यानं बिघडतो. स्क्रब टायफस, गवतातल्या बारीक किड्याचा ताप, २०१८ ला नागपुरात बरेच पेशंट निघाले, अंगावर कुठेतरी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, ती कपडे काढून शोधणारा डॉक्टर पाहिजे. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की उष्माघात. तेव्हा तुमचा पेशंट ह्यातला असेल तर विदर्भात घासलेला डॉक्टर, त्याची डिग्री एक पायरी कमी असली तरी, मी आधी धरीन.

कोळसा खाणीत, क्रशरवर, जिनिंगमध्ये काम केलं असेल तर ते डॉक्टरला आपणहून सांगा, किती वर्षं ते पण. चांगला डॉक्टर स्वतःच विचारते, "काम काय करता?" हा प्रश्न आला नाही आणि तुमची धूळीत नोकरी झालेली आहे, तर मीही जरा बिचकलो असतो.

सहावं: सरकारी दवाखाना विसरू नका

प्रायव्हेटमध्ये पैसे संपल्यावर मेडिकलला जायचं हा आपला रिवाज उलटा आहे. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे फुप्फुसाचा विभाग आहे, आणि तिथे शिकवणारे प्रोफेसर म्हणजे धंतोलीतल्या अर्ध्या डॉक्टरांचे सर. गर्दी राहते, रांग राहते, पान-थुंकीचे जिने राहतात, ते काही मी लपवत नाही. पण अवघड, निदान लागत नसलेली केस असेल तर तिथे चार डोकी एका पेशंटवर बसतात, ते बाहेर विकत मिळत नाही. एम्सला ऑनलाइन अपॉइंटमेंट काढून जा, मेट्रोनं खापरीपर्यंत आणि पुढे ऑटो नाही तर बस.

टीबी निघाला तर घाबरू नका, औषध सरकारकडून फुकट आहे, आणि प्रायव्हेट डॉक्टरलाही तुमचं नाव सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. नाव नोंदवू का म्हणून डॉक्टर विचारते तेव्हा "नको, सोयरिकीत कळेल" असं म्हणू नका, ती यादी चौकात लागत नाही आणि पोषणाचे पैसेही त्याच नोंदणीवर मिळतात.

सातवं: पेशंट आत गेला, आता काय विचारायचं

आयसीयूचं दार बंद झालं की पाटीचा उपयोग संपतो. मोठ्या डॉक्टरचं नाव बाहेर असते पण रात्री तीनला बीपी पडलं तर पेशंटजवळ कोण आहे, हा खरा प्रश्न आहे. सकाळच्या काउन्सेलिंगला हे विचारा, शांतपणे, आवाज न चढवता:

रात्री ड्युटीवर कोण राहते, त्यांची डिग्री काय, आणि मेन डॉक्टर फोनवर असतात की येतात? छोट्या हॉस्पिटलांत रात्रीचे आरएमओ बऱ्याचदा बीएएमएस-बीएचएमएस असतात, ते मेहनती असतात, मी काही त्यांना नावं ठेवून राहिलो नाही, पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी वर कोण बसलं आहे हे माहीत पाहिजे.

ह्या आयसीयूत निर्णय एक इंटेन्सिव्हिस्ट घेतो की जो तो डॉक्टर आपापला पेशंट पाहून जातो? पहिला प्रकार बरा, कारण पाच डॉक्टर येऊन पाच औषधं लिहून गेले आणि जोडून पाहणारा कोणीच नाही, असं दुसऱ्या प्रकारात होऊ शकते.

आज कालच्यापेक्षा बरं की वाईट, आणि कशावरून? "क्रिटिकल आहे" हे उत्तर नाही. ऑक्सिजन किती टक्क्यांवर चालू आहे, काल किती होता, बीपीचं औषध वाढलं की कमी झालं, लघवी होऊन राहिली का, हे चार आकडे वहीत तारखेनं लिहा. घरातल्या एकानंच बोलायचं. रोज नवा भाऊजी येऊन पहिल्यापासून विचारतो तेव्हा डॉक्टरही कंटाळते आणि माहितीही तुटक मिळते.

दुसरं मत घ्यायचं असेल तर लाजायचं कारण नाही. कागदपत्रांची लेखी मागणी केली तर ७२ तासांत द्यावीत असं त्याच २००२ च्या नियमांत आहे. अर्ज करा, एका प्रतीवर पोच घ्या, आणि रिपोर्टसोबत सीटी स्कॅनची सीडी किंवा फिल्म मागा, कारण दुसरा डॉक्टर नुसता रिपोर्ट वाचून बोलत नाही, त्याला चित्र पाहायचं असते.

येताना काय आणायचं

जुने एक्स-रे, सगळे, अगदी दहा वर्षांपूर्वीचा असला तरी. डाग जुना की नवा ह्यावर अर्धं निदान असते, आणि जुनी फिल्म असली तर एक सीटी वाचू शकतो. चालू औषधांच्या पट्ट्या आणि पंप पिशवीत टाकून आणा, नाव पाठ करू नका. बिडी-सिगारेट किती वर्षं, खरं सांगा, बायको बाहेर बसलेली असताना. घरात चूल होती का, कबुतरं आहेत का, हेही विचारतील.

आणि धंतोलीत गाडी घेऊन येऊ नका बाप्पा. पार्किंग मिळत नाही, मिळालं तर टोइंगवाला उचलतो. बाहेरगावचे असाल तर नागपूर स्टेशनवरून मेट्रो घ्या, काँग्रेस नगर किंवा रहाटे कॉलनीला उतरा आणि तिथून ऑटो. पेशंटला चालून दम लागत असेल तर बिल्डिंगला लिफ्ट आहे का हे अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून ठेवा, छातीच्या डॉक्टरची ओपीडी दुसऱ्या माळ्यावर आणि लिफ्ट बंद, हेही ह्याच गावात होते.